एकच स्की, सगळा बर्फ: ऑल-माउंटन स्की भाड्यानं घेताना नि विकत घेताना कशी तपासायची

जळगाव, धुळे, नंदुरबारकडनं जे कोणी स्कीइंगला जातात त्यांचा प्रोग्राम साधारण ठरलेला असतो, भुसावळवरनं झेलम पकडून जम्मू नाही तर विमानानं थेट श्रीनगर, मग गुलमर्गला आठवडाभर, आणि ज्यांना उत्तराखंड बरं वाटतं ते औलीला. गावाकडचे विचारत राहतात, "काय करी राहिना भो तू तठे बरफमा?" त्यांना आपण उत्तर देत नाही. पण तिथं भाड्याच्या दुकानात उभं राहिलं की आपल्यालाच उत्तर सुचत नाही, कारण दुकानदार एक जोडी काढून देतो आणि म्हणतो "ये ऑल-माउंटेन है सर, सब में चलेगा," आणि आपण मान हलवून घेऊन जातो.

सगळ्यात चालणारी स्की म्हणजे सगळ्यात थोडी थोडी तडजोड केलेली स्की, दुसरं काही नाही. तिची परीक्षा मऊ, रोलरनं सारख्या केलेल्या उतारावर घेऊन काही कळत नाही, तिथं सगळ्याच स्की छान वाटतात. दोन गोष्टी बघायच्या: तिला सगळ्यात नकोसा वाटणारा बर्फ आला की ती किती बिघडते, आणि एकाच रनमध्ये (वरनं खालपर्यंतच्या एका खेपेत) पायाखालचा बर्फ बदलला की ती आधी कळवते का अचानक दगा देते. बाकीचं सगळं या दोन प्रश्नांच्या आजूबाजूला फिरतं.

आधी स्वतःची माहिती, मग बूट

वजन, उंची, किती येतं, आणि कुठं चाललाय. हे चार आकडे-उत्तरं खिशात पाहिजेत. किती येतं यात खोटं बोलायचं नाही, कारण बाइंडिंगचं, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडलात की सोडणाऱ्या खटक्याचं, सेटिंग त्याच्यावर आहे (त्याबद्दल खाली). कुठं चाललाय हे पण महत्त्वाचं. गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर, गोंडोलाचा (रोपवेचा) पहिला टप्पा कोंगडूरीला सोडतो आणि दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर साधारण 3,980 मीटरपर्यंत नेतो, वरचा भाग सगळा मोकळा, ग्रूम न केलेला, म्हणजे मशीननं सारखा न केलेला. तिथं ताज्या बर्फात तरंगणारी थोडी रुंद स्की लागते. औलीला जास्त वेळ दाबलेल्या उतारावरच जातो, तिथं अरुंद चालते, उलट तीच बरी पडते.

बूट. स्की तपासायला निघालेले लोक बुटाला पाच मिनिटं देतात आणि स्कीला एक तास, हे उलटं पाहिजे भो. ढिल्या बुटात जगातली कुठलीही स्की ढिलीच वाटणार, कारण तुम्ही घोटा वाकवता तेव्हा आधी पाय बुटात हलतो आणि मग कधीतरी स्कीला खबर पोचते. एकच पातळ, लांब मोजा घालायचा. आपल्याकडचे लोक थंडीच्या भीतीनं दोन लोकरी मोजे चढवतात आणि मग एक नंबर मोठा बूट मागतात, त्यानं पाय उलट जास्त गारठतो कारण बकल आवळून आवळून रक्तच फिरत नाही. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढं हलकी टेकली पाहिजेत, गुडघे पुढं वाकवले की मागं सरकली पाहिजेत, आणि टाच अजिबात उचलली गेली नाही पाहिजे. एवढं जमलं की पुढं.

दुकानात, हातात घेऊन

स्कीवर तीन आकडे छापलेले असतात, समजा 130-96-118. पुढचं टोक, कंबर आणि शेपूट, मिलिमीटरमध्ये. मधला आकडा आधी वाचायचा. 75 ते 85 म्हणजे घट्ट बर्फाची, 105 च्या पुढं म्हणजे पावडरची (ताज्या भुसभुशीत बर्फाची), आणि मधली 88 ते 100 ही ऑल-माउंटनची खरी वस्ती. वर्षातनं एकदा गुलमर्गला जाणाऱ्यानं 92 ते 100 बघावी, औलीवाल्यानं 80 ते 90, हे माझं मत. 108 ची घेऊन "पावडर पडली तर?" म्हणणारे असतात. पडली तर मजाच आहे, पण नाही पडली तर पाच दिवस सकाळच्या कडक बर्फावर ती रुंद फळी काठावर उभी करता करता गुडघे बोलायला लागतात.

शेजारी आर लिहून आकडा असतो, तो वळणाचा रेडियस, मीटरमध्ये. 13-14 असेल तर स्की स्वतःहून वळायला बघते, 19-20 असेल तर तिला लांब वळणं आणि वेग पाहिजे. मध्ये 15 ते 18 हे बहुतेकांना सोयीचं. एक लक्षात ठेवा, हा आकडा लांबीप्रमाणे बदलतो, तेच मॉडेल लांब घेतलं की रेडियस वाढतो, म्हणून मित्राच्या 163 ची चव बघून स्वतःसाठी 178 घेऊ नका.

लांबी: शिकाऊ असाल तर हनुवटीपर्यंत, बऱ्यापैकी येत असेल तर नाक ते कपाळाच्या मध्ये. वजन जास्त असेल किंवा पुढचं टोक जास्त वर वळलेलं असेल तर थोडी लांब घ्यायला हरकत नाही, कारण वळलेला भाग कडक बर्फाला टेकतच नाही, मग प्रत्यक्षात काम करणारा काठ छापील लांबीपेक्षा बराच छोटा असतो.

तो वळलेला भाग कसा बघायचा? दोन्ही स्कींचे तळ एकमेकांना लावून धरा. मध्ये फट दिसते ती कॅम्बर, म्हणजे कमान. ती हातानं दाबून बंद करा आणि पुढच्या टोकाकडं बघा, तळ कुठून एकमेकांपासून सुटायला लागतात ते. तिथनं पुढं रॉकर. कमान कडक बर्फावर पकड देते कारण तुमचं वजन टोक आणि शेपटापर्यंत पसरतं, रॉकर मऊ बर्फात टोक वर ठेवतं आणि वळण सुरू करायला सोपं करतं. ऑल-माउंटनमध्ये बहुतेक पुढं रॉकर, पायाखाली कॅम्बर, मागं थोडंसंच रॉकर किंवा सपाट असं मिश्रण असतं. मागं पण भरपूर रॉकर दिसलं तर समजायचं की स्कीचा ओढा पावडरकडं आहे, स्टिकरवर काहीही लिहिलेलं असो.

मग लवचिकता. शेपूट बुटाच्या टोकावर टेकवायचं (फरशीवर नाही, दुकानदार ओरडतो), एका हातानं टोक धरायचं आणि दुसऱ्या हातानं मध्ये दाबायचं, जुनी मोटारसायकल घेताना शॉकअप दाबून बघतो तसं. बघायचं काय, तर वाकण एकसारखं येतं का. एका जागी मोडल्यासारखं वाकलं तर ती स्की खडबडीत बर्फात त्याच जागी दुमडणार. मग टोक हातात धरून पिळायचं, टॉवेल पिळतात त्या दिशेनं. सहज पिळली जात असेल तर चूक माफ करेल पण आइसवर काठ सोडेल, अजिबात पिळली जात नसेल तर पकड जबरदस्त पण तुमच्या पायात ताकद पाहिजे. आत टायटॅनलचे पत्रे असले की ही पिळ कमी होते. टायटॅनल म्हणजे अॅल्युमिनियमचा मिश्रधातू, त्यानं स्की थोडी जड आणि शांत होते, म्हणजे थरथर मरते. नॉर्डिकाच्या एन्फोर्सर 100 मध्ये असे दोन पत्रे आहेत, म्हणून ती वजनदार आणि वेगात स्थिर म्हणून ओळखली जाते. साठ किलोच्या, मध्यमच येणाऱ्या माणसाला तसली स्की दुपारी तीन वाजता ओझं वाटू शकते.

काठ आणि तळ: इथंच निम्मे निकाल चुकतात

भाड्याच्या स्कीबाबत हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळे हाच सोडतात. तुम्ही म्हणता स्की वाईट, खरं तर स्की बोथट असते. अंगठ्याचं नख स्टीलच्या काठावर आडवं हलकं ओढा, नखाचा बारीक पांढरा भुगा निघाला तर धार आहे, नुसतं घसरलं तर नाही. हे एका जागी करून थांबू नका, टोकाजवळ, पायाखाली, शेपटाजवळ, दोन्ही बाजू. पायाखालीच बहुतेक धार मेलेली असते, कारण सगळे तिथंच ब्रेक मारतात आणि दगडही तिथंच लागतात. नख अडकून टचकन थांबलं तर तिथं बर आहे, म्हणजे दगडानं काठ वर उचललाय, ती स्की घसरताना झटके देणार.

मग तळ. स्टीलची पट्टी घ्या, नसेल तर स्कीच्या रुंदीपेक्षा लांब अशी कुठलीही सरळ कड, तळावर आडवी ठेवा आणि उजेडाकडं धरून बघा. मध्ये उजेड दिसला तर तळ खोलगट झालाय, काठ उंच राहिलेत, अशी स्की रुळावर चालल्यासारखी वागते, वळायला नको म्हणते आणि मग एकदम चावते. उलट काठांपाशी उजेड दिसला तर तळ फुगलाय, अशी स्की घट्ट बर्फावर पोहत राहते, कुठं जाईल सांगता येत नाही. दोन्हीत स्कीच्या डिझाइनचा काही दोष नाही. काठाजवळ तळ पांढुरका, कोरडा, केसाळ दिसत असेल तर वॅक्स (तळाला लावायचं मेण) नाही, मार्चच्या ओल्या बर्फात ती चिकटणार.

विकत घ्यायची जुनी जोडी असेल तर आणखी: काठाला आडवी तडा आहे का, वरचा पत्रा आणि बाजूची भिंत यांच्यात फट पडलीय का (दाबून बघा, पाणी नाही तर आवाज येतो), तळाला खोल खड्डा पडून आतलं लाकूड दिसतंय का, आणि बाइंडिंगच्या आजूबाजूला जुनी बुजवलेली भोकं किती. एकदा दुसरीकडं बसवलेली ठीक, तीनदा भोकं पाडलेली सोडून द्या. काठाचं स्टील घासून घासून किती उरलंय ते नव्या स्कीशेजारी ठेवून बघितलं की लगेच कळतं.

बाइंडिंग, थोडक्यात पण न टाळता

डिनचा आकडा, म्हणजे पडल्यावर बाइंडिंग किती जोरानं सुटावं तो, वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी आणि तुमची पातळी यावरनं तक्त्यातनं काढतात. दुकानदारानं बुटाच्या बाजूचा मिलिमीटरचा आकडा वाचला नाही, वजनही विचारलं नाही आणि स्क्रू ड्रायव्हर फिरवला तर त्याला थांबवा, नम्रपणे पण थांबवा. पन्नाशीच्या पुढं असाल तर ते सांगा, तक्त्यात त्याचा फरक पडतो. ब्रेकचे (बूट सुटल्यावर स्की थांबवणारे) हात स्कीच्या कंबरेपेक्षा थोडे रुंद असावेत, खूप रुंद असले तर वळणात बर्फात घासतात. आणि बुटाचा तळ ग्रिपवॉकचा (चालायला सोपा, वक्र रबरी) असेल तर बाइंडिंग त्याला चालणारं आहे का हे विचारायचंच, हे बघूनच घ्यायचं, "हो जाएगा सर" वर नाही.

बर्फावर: पहिल्या दिवशी निकाल लावू नका

जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे-सव्वादोनशे मीटरवर. तिथनं उठून दुसऱ्या दिवशी चार हजार मीटरजवळ उभं राहिलं की दम लागतो, पाय जड होतात, आणि दोष स्कीवर जातो. पहिला दिवस खालीच काढा. ढग खाली उतरून सगळं पांढरं सपाट दिसत असेल तेव्हाही तपासणी नको, बर्फ दिसतच नसेल तर स्की कशी वाटली हे सांगण्यात अर्थ नाही.

दिवस निवडताना हवामान बघा. हिमालयात हिवाळी बर्फ आणतो तो पश्चिमी विक्षोभ, तोच जो फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी इकडं रावेर-यावलच्या केळीवर गारपीट करून जातो. तो गेल्यावर दोन-तीन दिवसांत तुम्हाला सगळी पुस्तकं उघडी मिळतात: पहिल्या दिवशी ताजी पावडर, दुसऱ्या दिवशी लोकांनी तुडवलेला गोळागोळा बर्फ ज्याला क्रड म्हणतात, मग रात्रीच्या थंडीनं सकाळी कडक, आणि ऊन लागलं की दुपारी ओला. चिल्लई कलानमध्ये, म्हणजे 21 डिसेंबर ते 30 जानेवारीच्या चाळीस दिवसांत, थंडीमुळं बर्फ कोरडा राहतो. मार्चमध्ये मात्र एकाच दिवसात सगळे प्रकार बघायला मिळतात, म्हणून तपासणीसाठी मला मार्चचा पहिला आठवडा जास्त आवडतो, मजेसाठी जानेवारी.

कोंगडूरीवरनं मेरीज शोल्डरला जाणारी चेअरलिफ्ट आहे, तिच्याखालचा उतार या कामाला चांगला, कारण पुन्हा पुन्हा तोच उतार मिळतो. तोच उतार ही अट सोडायची नाही.

सुरुवात घसरण्यापासून. स्की उताराला आडव्या, काठ हळूहळू सोडा आणि बाजूला घसरा, मग परत काठ लावा. घसरण गुळगुळीत आणि थांबणं एकसारखं पाहिजे. पुढचं टोक आधी थांबतंय आणि शेपूट पुढं जातंय असं झालं तर धार कुठंतरी असमान आहे, ही स्की परत देऊन धार लावून घ्या, पुढची परीक्षा आत्ता घेऊ नका.

नंतर मध्यम वेगात, ग्रूम्ड उतारावर, नुसता घोटा कलवा आणि काही करू नका. टोक स्वतः वळणात ओढतंय का? मग छोटी वळणं, मग लांब वळणं थोडा वेग वाढवून. वेग वाढला की पायाखाली थरथर सुरू होते का, होते तर कितव्या वळणाला, आणि वेग थोडा कमी केला की थांबते का. थांबत असेल तर ठीक, तुमची मर्यादा कळली. प्रत्येक स्कीला मर्यादा असतेच.

आता खरी परीक्षा. ग्रूम्ड पट्ट्याच्या कडेनं, वेग तसाच ठेवून, तुडवलेल्या बर्फात शिरा. मुद्दाम, वळणाच्या मध्यावर. इथं जे होतं ते बारकाईनं बघा. चांगली ऑल-माउंटन स्की आत शिरताना आवाज बदलते, थोडी मंद होते, टोक एक-दोन गोळ्यांवर आपटतं पण दिशा तीच राहते, आणि तुम्हाला पाय थोडे मऊ करायला अर्धा सेकंद मिळतो. हलकी, मऊ टोकाची स्की इथं दर गोळ्याला डावी-उजवी होते आणि तुम्ही मांड्यांनी तिला ओढत राहता. फार कडक आणि जड असेल तर ती सरळ कापत जाते, मजा येते, पण वळायचं म्हटलं की ऐकत नाही. आणि बाहेर पडताना, मऊमधनं परत घट्टवर, काठ लगेच पकडतो का दोन हात घसरून मग पकडतो? हे शिरणं-बाहेर पडणं दोन्ही बाजूंनी करा, डावं वळण, उजवं वळण. शंभर गुण असतील तर मी चाळीस इथं देतो.

पावडरमध्ये एकच प्रश्न: मध्यावर उभं राहून टोक वर राहतं का, का मागं रेलावं लागतं? मागं रेलून मांड्या जळायला लागल्या तर स्की अरुंद आहे, आखूड आहे किंवा बाइंडिंग फार पुढं बसवलंय. डेमो बाइंडिंग (पुढंमागं सरकवता येणारं) असेल तर एक खूण मागं सरकवून परत बघता येतं. इथं एक गोष्ट: पावडर शोधायला हद्दीच्या दोरीच्या पलीकडं जाऊ नका. गुलमर्गला स्की पॅट्रोल हिमस्खलनाची सूचना देतं, ती वाचायची, आणि वरच्या मोकळ्या भागात बीकन (गाडलेल्याला शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आणि स्थानिक गाइड नसेल तर स्कीची तपासणी हे तिथं जायचं कारण होऊ शकत नाही.

आइस सकाळी लवकर. तिथं अरुंद स्कीशी तुलना करू नका, 98 ची स्की 78 सारखी पकडणार नाहीच. फक्त बघा की घसरते तेव्हा अंदाज देऊन घसरते का. दुपारच्या स्लशमध्ये (ओल्या बर्फात) उलट, वॅक्सचा फरक स्कीपेक्षा मोठा असतो, म्हणून तिथं "चिकटते" हा शेरा स्कीच्या नावावर मांडायचा नाही. वरनं पापुद्रा आणि खाली मऊ असा फुटणारा बर्फ लागला तर त्यावर कुठलीच स्की बरी नसते, तिथं फक्त सुखरूप खाली या. उंचवट्यांच्या रनवर शेपूट बघा, चुकून मागं बसलात तर कडक शेपूट पुढं फेकून देतं आणि मऊ शेपूट माफ करतं.

दोन स्कींमध्ये निवडायचं असेल तर

सकाळी एक आणि दुपारी दुसरी, असं केलं तर तुम्ही स्की नाही, सकाळ आणि दुपार तपासता. पहिली, दुसरी, परत पहिली, त्याच उतारावर, तासाभरात. ज्याच्या बुटाच्या तळाची लांबी तुमच्याएवढी आहे असा मित्र सोबत असेल तर हे फुकटात होतं, पण वजन-पातळी वेगळी असेल तर डिन बदलून घ्यायचं, तसंच चढायचं नाही. दर रननंतर लिफ्टमध्ये बसल्या बसल्या मोबाइलवर व्हॉइस नोट करा, दोन वाक्यं पुरतात. रात्री हॉटेलवर कांगडी (काश्मिरी शेगडी) घेऊन बसल्यावर सगळ्या स्की सारख्याच आठवतात आणि जिचं पेंटिंग भारी तीच जिंकते.

मग हिशोब. तुमच्या आठवड्यातला किती वेळ कुठल्या बर्फावर जातो ते प्रामाणिकपणे लिहा आणि त्या प्रमाणात गुण द्या. एका प्रकारात दहापैकी दहा आणि दुसऱ्यात तीन अशी स्की, आणि सगळीकडं सात अशी स्की, यात मी डोळे झाकून दुसरी घेतो. बायकांसाठी म्हणून वेगळ्या विकतात त्यात काहींचा गाभा खरंच हलका असतो आणि काहींचा फक्त रंग वेगळा, म्हणून वरच्या सगळ्या पायऱ्या त्यांनाही तशाच लागू.

विकत घ्यायची का? वर्षाला एकच आठवडा जात असाल तर बूट विकत घ्या, स्की भाड्यानं. बूट पायाचा असतो, प्रवासात बॅगेत मावतो. स्की घेतलीच तर इकडं सांभाळणं हा वेगळा उद्योग आहे. परत आल्यावर काठ पुसून पूर्ण कोरडे करा, तळावर वॅक्सचा जाड थर वितळवून लावा आणि तो खरवडू नका, तसाच काठांवरनं ओघळू द्या, पावसाळ्यात गंज धरत नाही. पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवरच्या स्टोअररूममध्ये ठेवायची नाही, मे महिन्यात बाहेर 45 आणि पत्र्याखाली त्याच्याही वर, वॅक्स गळतं आणि आतल्या चिकट थरांनाही ते मानवत नाही. घरात आतल्या खोलीत, भिंतीला आडवी किंवा कपाटामागं उभी, दोन्ही स्की एकमेकींना आवळून न बांधता. आणि डिसेंबरमध्ये निघायच्या आधी तो वॅक्स खरवडायला विसरू नका, नाही तर गोंडोलातनं उतरल्यावर उतारावर उभे राहाल आणि स्की जागची हलणार नाही.